बी.ए. करता करता पगारी काम

२०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत सरकारी कचेऱ्यांना मोडी वाचणारी माणसं हवी झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती काम करत होती आणि जुन्या दप्तरांतले पुष्कळ कागद मोडीत होते. गाव नमुना चौदाची जन्म-मृत्यूची पुस्तकं, खासरापत्रकं, पाहणीपत्रकं, कोतवाल बुकं कपाटांतून बाहेर निघाली. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, दोन शब्दांत अंतर नसतं, नावं आखडून लिहिलेली असतात. सरावलेला माणूस जे पान सहज वाचून दाखवतो, त्याच पानावर नवखा अर्धा दिवस अडकून पडतो. इतिहास किंवा मराठी घेऊन शिकताना ज्यांनी मोडी मन लावून गिरवली होती, त्यांच्या अभ्यासाला त्या महिन्यांत थेट मागणी आली.

श्रोतेहो, कला शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींनी शिकतानाच पगारी काम कसं करावं, हा आजचा विषय आहे. मुलं कामं करतातच. कुणी पहाटे पेपर टाकतो, कुणी दुकानात हिशेब लिहितो, कुणी शिकवण्या घेते. त्या कष्टांचं मोल कमी नाही. पण वर्गात समाजशास्त्र आणि संध्याकाळी मोबाइलच्या दुकानाचं काउंटर, अशी दोन आयुष्यं एकमेकांना न भेटता तीन वर्षं चालतात, तेव्हा दोन्हींकडचं नुकसान होतं. काम असं शोधायला हवं की त्याचे पैसे मिळतील आणि ते अभ्यासाच्याही उपयोगी पडेल. दोन्ही गोष्टी एकाच कामात मिळाल्या पाहिजेत, हा आग्रह धरण्याची वेळ आली आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला हलवलं. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही ‘कमवा आणि शिका’ याच पायावर. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातली अशी योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करायचं आणि तासांप्रमाणे मानधन घ्यायचं, अशी तिची रीत. खेड्यातून आलेल्या कित्येकांची मेस आणि खोलीभाडं यावरच निघालं.

रयत सुरू झाली त्याच सुमारास, १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अँटिऑक कॉलेजात आर्थर मॉर्गन या इंजिनिअर असलेल्या अध्यक्षाने वेगळा प्रयोग मांडला. त्याआधी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाने इंजिनिअरिंगच्या मुलांना आलटूनपालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली होती. मॉर्गनने तीच पद्धत साहित्य, इतिहास, संगीत शिकणाऱ्यांना लावली. काही आठवडे कॉलेज, मग काही आठवडे नोकरी, पुन्हा कॉलेज. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ मध्ये इंजिनिअरिंगपासून सुरुवात केली. आज तिथे इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र शिकणारेही चार-चार महिन्यांच्या सत्रांत पगारावर काम करतात आणि त्यावर अहवाल लिहितात.

साताऱ्यात काम होतं म्हणून शिक्षण शक्य झालं. अँटिऑकमध्ये कामच शिक्षणाचा भाग झालं. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या आजच्या बी.ए.च्या विद्यार्थिनीला या दोन्हींची एकदमच गरज आहे.

काम हाच शिक्षणाचा भाग, ही दुसरी बाजू नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता अभ्यासक्रमात आली आहे. महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, चार क्रेडिटचं आहे. एका क्रेडिटला तीस तास या हिशेबाने ते १२० तास होतात. अडचण पैशांची आहे. ओजेटी बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतं. ज्याला सुट्टीत घरी जाऊन सोयाबीन काढणीच्या मजुरीवर पुढच्या सत्राची फी उभी करायची असते, त्याला १२० तास फुकट देणं परवडत नाही. मग तो ओळखीच्या ठिकाणाहून सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणतो आणि शिकण्याची संधी कागदावरच संपते. यात दोष त्या मुलाचा नाही. विभागांनी जागा शोधताना ‘प्रमाणपत्र देणार का’ याच्या आधी ‘प्रवासखर्च आणि मानधन किती देणार’ हे विचारायला हवं. शंभरातल्या दहा संस्थांनी जरी होकार दिला, तरी त्या दहा जागा गरजू मुलांसाठी राखता येतील.

पगाराची कायदेशीर वाट शिकाऊ उमेदवारीतून जाते. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा बराच काळ कारखाने आणि तांत्रिक शिक्षणापुरता होता. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-इंजिनिअरिंग पदवीधरांनाही, म्हणजे बी.ए.वाल्यांनाही, तो खुला झाला. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि चारपासून पुढे माणसं असतील तर ऐच्छिक. जिल्ह्याच्या ठिकाणचं दैनिक, प्रकाशन संस्था, मोठं सार्वजनिक वाचनालय यांनी हे नियम नीट वाचावेत. पदवीधरांसाठी किमान विद्यावेतन त्या नियमांत दरमहा ९,००० रुपये ठरलं होतं आणि नॅट्स या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीतच एक ते तीन सत्रांची शिकाऊ उमेदवारी बसवता येते. कॉलेजने असा अभ्यासक्रम घेतला आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावं.

कामं कोणती, हा पुढचा प्रश्न. मोडीचं उदाहरण आलंच. मराठी आणि इंग्रजीच्या मुलांना मुद्रितशोधन, भाषांतर, ध्वनिमुद्रित मुलाखती लिहून काढणं, मालिका-चित्रपटांची सबटायटल्स करणं ही कामं मिळतात. आकाशवाणीच्या युववाणी विभागाने अनेकांना विद्यार्थिदशेतच माइकसमोर बसवलं. नैमित्तिक निवेदक म्हणून मिळालेलं मानधन ही कित्येकांची पहिली कमाई होती. इतिहास आणि पुरातत्त्वाच्या मुलांना संग्रहालयं, दप्तरखाने, वारसा-फेऱ्या असं क्षेत्र आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि भूगोलाच्या मुलांसाठी सगळ्यात मोठं दार म्हणजे सर्वेक्षण.

सर्वेक्षणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. असं काम दारोदार हिंडणाऱ्या पाहणीकारांच्या पायांवर उभं राहतं. प्रश्नावलीत छापलेलं असतं, ‘घरात कमावणारे किती?’ दार उघडलेली बाई सांगते, ‘एकच, हे.’ पाहणी करणारी मुलगी तेवढंच लिहून पुढे जाऊ शकते. पण तिने वर्गात बायकांच्या न मोजल्या जाणाऱ्या श्रमांबद्दल वाचलेलं असेल, तर तिला मागच्या खोलीतलं शिलाई मशीन दिसतं, दोरीवर वाळत घातलेले पापड दिसतात. ती विचारते, ‘ताई, हे तुम्ही विकायला करता का?’ आणि उत्तर बदलतं. संध्याकाळी तिला दिवसाची मजुरी मिळते. परीक्षेत श्रमाच्या व्याख्येवर लिहिताना याच घराचा तिला उपयोग होतो.

काम ठरवताना काही पथ्यं पाळावीत. कामाचं पत्र लेखी घ्यावं. त्यात तारखा, रोजचे तास, रक्कम आणि देखरेख करणाऱ्याचं नाव हवं. कुणी प्रशिक्षणासाठी अनामत किंवा नोंदणी फी मागत असेल, तर तिथून उठावं. शिकाऊ उमेदवारीत पैसे उमेदवाराला मिळायचे असतात. सत्र चालू असताना आठवड्याला पंधरा तासांच्या पुढे जाऊ नये, असा सल्ला इथे आवर्जून द्यावासा वाटतो. हजेरी बुडाली तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि वर्ष गेलं तर साठवलेले पैसेही त्यातच जातात. मोठं काम दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्यावं. ज्यांना महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती मिळते, त्यांनी उत्पन्नाची अट कामामुळे आड येते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात आधी विचारावं. आणि रोज दोन ओळी का होईना, आज काय केलं आणि ते कुठल्या पेपरला लागू पडतं, हे वहीत लिहावं. ओजेटीच्या अहवालाला ती वही लागते, पुढे मुलाखतीतही तीच बोलायला शिकवते.

संस्थेची जबाबदारी मात्र मोठी आहे. अँटिऑकचीच गोष्ट. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत जगाला माहीत झालेल्या कोरेटा स्कॉट किंग तिथे शिक्षणशास्त्र आणि संगीत शिकत होत्या. अध्यापनाच्या सरावासाठी गावातल्या सरकारी शाळेत जाण्याची वेळ आली, तेव्हा त्या कृष्णवर्णीय असल्याने शाळा मंडळाने नकार दिला आणि कॉलेज त्यांच्या पाठीशी ठाम उभं राहिलं नाही. प्रत्यक्ष कामाला इतकं मानणाऱ्या कॉलेजात हे घडलं. आपल्याकडेही कुठल्या आडनावाच्या मुलाला कुठली जागा मिळते, मुलीला उशिरापर्यंत थांबवलं जातं का, पैसे अडकले तर कोण फोन करतं, हे विभागाने पाहायलाच हवं. प्रत्येक कॉलेजात या कामासाठी एक प्राध्यापक नेमून त्यांच्या अध्यापनाच्या तासांत त्याची मोजदाद व्हावी. जादा काम म्हणून गळ्यात मारलेली जबाबदारी टिकत नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्यांनी नॅट्स पोर्टलवर जाऊन चालू विद्यावेतनाचे दर आणि आपल्या जिल्ह्यातल्या आस्थापना आत्ताच पाहून ठेवाव्यात. पश्चिम विभागाचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईत शीव इथे आहे. विद्यावेतन बँकेत जमा होतं, तेव्हा विद्यार्थ्याचं स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं खातं चालू आहे ना, याची खात्री अर्ज भरण्याआधी करून घ्यावी. मुलींनी तर नक्कीच.