आधी मूल वाचावे, मग पुस्तक द्यावे



प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे डॉ. रंगनाथन यांनी आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत १९३१ साली सांगितले. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आवश्यक ठरविले. पुस्तके शाळेत आणण्याचे काम कायद्याने होईल; मुलाच्या हाती त्याचे पुस्तक देण्याचे काम मात्र आपलेच आहे.

“तुला कोणते पुस्तक आवडते?” असे विचारले की पुष्कळ मुले मान खाली घालतात. ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही, त्याने आवड सांगावी तरी कशी? ती आपणच पाहून ओळखली पाहिजे. मधल्या सुट्टीत कोण सायकलची साखळी बसवितो, कोण मुंग्यांच्या रांगेमागे जातो, आजीची गोष्ट कोण रंगवून सांगते, हे आपल्याला दिसते; पण आपण ते टिपून ठेवीत नाही. याकरिता एक साधी वही करावी. प्रत्येक मुलास एक पान द्यावे. आठवड्यास चार-पाच मुलांविषयी एकेक ओळ लिहिली, तरी एका सत्रात सारा वर्ग होतो.

त्या ओळीवरून पुस्तक निवडावे. शेळ्या राखणाऱ्यास पशुपक्ष्यांचे, सायकलीत रमणाऱ्यास यंत्रांचे, धाडसाची ओढ असलेल्यास भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे. ज्यास अखंड पुस्तक पेलत नाही, त्यास १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकातील एखादे कोडेही पुरे. मुलाने पुस्तक अर्ध्यावर टाकले तर रागावू नये; तीही वहीतील एक उपयुक्त नोंदच होय. वाचून होताच प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. परीक्षेची चाहूल लागली की मूल पुस्तकापासून दूर सरते.

दिवाळीच्या सुमारास काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. कित्येक महिने त्यांना आपली शाळा दिसत नाही. अशा मुलाच्या गाठोड्यात त्याच्या आवडीचे एक पुस्तक अवश्य असू द्यावे. ते हरवेल, फाटेल, या भीतीने कपाटास कुलूप लावू नये. हरवलेले पुस्तक पुन्हा विकत घेता येते. मुलाचे सुटलेले वाचन पुन्हा जुळविणे मात्र फार अवघड असते.