बऱ्हाणपूरचे धान्य, देहूची कर्जखते
(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



मध्ययुगाचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो लढायांचा आणि कीर्तनात ऐकला तो संतांचा. त्या काळी कुणब्याच्या पेवात ज्वारी किती होती, खळ्यावरून कोण किती उचलून नेत होता, हे आपल्याला फारसे कोणी सांगितले नाही. आज आपण तीनच वर्षांचा हिशेब काढू. १६३० ते १६३२.

१६३० साली दख्खन आणि गुजरातेत पावसाने दगा दिला. पुढच्या वर्षी गुजरातेत तो असा कोसळला की उभी पिके गेली. उरलेसुरले टोळ आणि उंदरांनी खाल्ले. अब्दुल हमीद लाहोरी हा शहाजहानच्या दरबाराचा इतिहासकार, बादशहाचे मीठ खाणारा. त्यालाही लिहावे लागले की मेलेल्यांची हाडे कुटून पिठात मिसळून विकली जात होती.

मग धान्य नव्हतेच का? होते. बादशहा तेव्हा खानदेशात, बऱ्हाणपुरात, निजामशाही बुडवायला फौजफाटा घेऊन बसला होता. १६३० च्या अखेरीस पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून त्या वाटेने गेला. वाटेवर त्याला प्रेतेच प्रेते दिसली आणि बऱ्हाणपूरच्या बाजारात मात्र सगळा माल भरलेला. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून येत होते, ते छावणीसाठी. यात बंजाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पैसा आणि तलवार दोन्ही जिथे, तिथेच तो माल टाकणार. मधल्या गावांतल्या माणसांच्या हाती ना पैसा होता ना तलवार.

दानधर्म झाला. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथे लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस सोमवार, म्हणजे एक लाख रुपये वाटले. साराही माफ केला, सुमारे ७० लाख रुपयांचा. पण हा आकडा एकूण वसुलीचा अकरावा हिस्सा होता, हे लाहोरीच अभिमानाने सांगतो. म्हणजे माफी एका वाट्याची आणि मागणी दहा वाट्यांची! याच बऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात वारली. तिच्यासाठी बांधलेला ताजमहाल सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याच सालातले बाकीचे मुडदे कुठे गेले, त्यांची साधी समाधीही नाही.

देहू मोगलाईत नव्हते. पण दुष्काळ तिथेही पोचला आणि याच सुमारास आदिलशाही फौजेने शेजारचे पुणे जाळले. तुकोबा जातीने कुणबी, धंद्याने वाणी. घरात पेठेची महाजनकी आणि सावकारी. त्यांची पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. मुलगा संतूही गेला. व्यापार बसला, पत गेली.

पुढची गोष्ट परंपरेने सांगतात. धाकटा भाऊ कान्होबा कर्जखतांची वाटणी मागायला आला. तुकोबांनी निम्मी खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. कीर्तनकार इथे वैराग्य सांगतात. वैराग्य असेलच. पण आम्हाला त्यात वाण्याचा हिशेबही दिसतो. ज्यांच्या नावाची ती खते, ती कुळे त्याच दुष्काळात पिचलेली. वसुली करायची तर दावणीचा बैल सोडून आणायचा आणि बैल तरी कुठे उरला होता? कान्होबानेही काही पाप केले नाही, त्याला संसार चालवायचा होता. गाथा बुडाली आणि तरली ही गोष्ट आपल्या आयाबहिणींना तोंडपाठ आहे. त्याआधी त्याच डोहात बुडालेल्या खतांची गोष्ट मात्र आपण कमी सांगतो.

गाव ओस पडले की सारा कोण देणार? म्हणून त्या काळचे राज्यकर्ते ओसाड गाव वसवायला इस्तावा देत. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढता, काही वर्षांनी पुरा. कुणब्यावरची दया त्यात थोडी, पण त्याच्याशिवाय जमीन म्हणजे नुसती माती, एवढे त्यांना कळत होते.

आता कपाशीचे ऐका. पाऊसपाणी सुधारले तरी गुजरातेत व्यापाऱ्यांना कापूस पुरेसा मिळेना. विणकर मेले होते, पळाले होते, हे एक कारण. दुसरे कारण इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीच्या कागदपत्रांत सापडते. धान्याचे भाव चढलेले होते, म्हणून कुणब्यांनी कपाशीच्या रानात धान्य पेरले. कापूस महागला, सूत महागले आणि युरोपात न्यायला वखारीला पुरेसे कापड मिळेना.