शेजार आणि मुलांचे संस्कार
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



संस्कार म्हटले की आपण आईबाप आणि शाळा एवढंच धरतो. माझं म्हणणं असं की शेजार हाही एक गुरू आहे. पोरगं कोणाच्या शेजारी वाढतं, यावर ते पुढं परक्याला माणूस समजतं की नाही, हे बरंचसं ठरतं.

दाखला अमेरिकेचा देतो. त्या देशाशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९४६ साली त्यांनी तिथल्या काळ्या समाजाचे विद्वान नेते डुबॉइस यांना पत्र लिहिलं आणि अस्पृश्यांचं व अमेरिकेतल्या काळ्यांचं दुःख सारखंच आहे, हे त्यात मांडलं. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं, तेही तिथल्या ब्लॅक पँथरवरूनच.

त्या देशात केनेथ आणि मॅमी क्लार्क हे काळ्या समाजातले मानसशास्त्रज्ञ पतिपत्नी होते. त्यांनी ३ ते ७ वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या. नाकडोळे सारखे, फक्त रंग वेगळा. बहुतेक मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. वाईट कोणती, असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुली दाखवली. स्वतःच्याच रंगाची! एवढ्या कोवळ्या वयात हे विष कुठून आलं?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. यातली काही मुलं काळ्यांसाठीच्या वेगळ्या शाळांत होती, काही गोऱ्यांबरोबर एकाच शाळेत. एकत्र शिकणाऱ्या मुलांचा ओढा गोऱ्या बाहुलीकडे थोडा जास्तच निघाला. म्हणजे नुसतं शेजारी बसवून भागत नाही. बाकडं एक, पण मान एकालाच, तर दुसऱ्याचं लेकरू मनातून खचतं.

१९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. १९६० साली न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री या गोऱ्या बाईंनी वर्षभर तिला एकटीलाच वर्गात शिकवलं. कायदा बदलला होता, घरातली मनं बदलली नव्हती. आणि मूल शिकतं ते घरातूनच.

मग मनं बदलतात कशी? १९५१ साली डॉइच आणि कॉलिन्स या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत काळ्या-गोऱ्यांना एकाच इमारतीत घरं दिली होती. जवळच्या नेवार्क शहरात वसाहत एकच, पण इमारती वेगळ्या. जिथं दाराला दार लागून होतं, तिथल्या गोऱ्या गृहिणींचं काळ्या शेजारणींशी जाणं-येणं वाढलं आणि त्यांच्याविषयीचं मतही सुधारलं. जिन्यात भेट, दुकानात भेट, एकमेकींची अडीनड. ज्या घरात आईची भाषा बदलते, तिथं मुलाच्या कानावर वेगळं काही पडतं.

१९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट यांनी याचं सार सांगितलं. दर्जा बरोबरीचा हवा, काम मिळून केलेलं हवं, ध्येय एक हवं आणि वरच्यांचा, कायद्याचा पाठिंबा हवा. मग शेजारातून माणुसकी उगवते.

आता आपल्याकडं बघा. शहरात जात आणि धर्म विचारून खोली नाकारणारे आजही आहेत. त्यांच्या मुलांना आपली मुलं कधी दिसतच नाहीत. ती आपल्याला ऐकीव गोष्टींवरून ओळखतात. त्याविरुद्ध आपण लढलंच पाहिजे. पण बंधूंनो, आपल्या घरातही डोकावू या. सून गोरीच पाहिजे, असं कोण म्हणतं? आपल्याच सावळ्या लेकीला ‘काळी’ म्हणून कोण चिडवतं? ईशान्येकडून आलेल्या पोराला ‘चिनी’, आफ्रिकेच्या विद्यार्थ्याला ‘हबशी’ म्हणून हसताना आपली मुलं ऐकतात की नाही? क्लार्क यांच्या बाहुल्या आपल्याही घरात आहेत! ज्यांनी शिवाशीव भोगली, त्यांच्या घरात तरी ही भाषा शोभत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. विहारातला अभ्यासवर्ग, कॅरमच्या स्पर्धा, निबंध स्पर्धा सगळ्या वस्तीच्या मुलांना खुल्या ठेवा. खेळाचे संघ पाडताना मुलं मिसळून घ्या. जेवायला बोलवा आणि त्यांच्याकडे जेवायलाही जा. उपकार म्हणून नको, बरोबरीनं. कुठं राहायचं हे गरिबाच्या हातात फार नसतं. पण आपल्या दारात कोणाचं मूल खेळेल, हे नक्कीच आपल्या हातात आहे.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम!