आईच्या छातीची ऊब

भाईंदरच्या जेसल पार्कहून निघालं की लोकलनं दादर, तिथं गाडी बदलून शीव. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली. दात्या मातांचं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात, तपासतात, गोठवून ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध येईपर्यंत तेच नळीतून, थोडंथोडं मिळतं.

अशा बाळांच्या देखभालीतला दुसरा बदल मला फारच मोलाचा वाटतो. पूर्वी असं बाळ काचेच्या पेटीत आणि आई दाराबाहेर. आता नुसत्या टोपी-लंगोटातल्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं धरून, बेडकासारखे पाय दुमडून, कापडानं बांधतात. भारतासह पाच देशांतल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तब्येत स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर ही ऊब दिली, तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू 25 टक्क्यांनी घटतात. जागतिक आरोग्य संघटना आता रोज 8 ते 24 तास ही ऊब द्यायला सांगते. आई थकली, तर बाबा किंवा आजीही बाळाला असं घेऊ शकतात. बाळाला असं घ्यायला बोलावणं आलं की अंगठ्या, घड्याळ काढा, कोपरापर्यंत हात धुवा आणि पुढं बटणं असलेला सैल सदरा घाला.