पित्ताची चुकलेली वाट

मराठी घरात 'पित्त झाले' असे कोणी म्हटले, की छातीतली जळजळ, आंबट ढेकर आणि कोकमाचे सरबत एवढेच डोळ्यांसमोर येते. वास्तविक ती जळजळ जठरातील आम्लाची असते. खरे पित्त निराळे. ते यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि अन्नातील स्निग्ध पदार्थ पचविण्यासाठी आतड्यात उतरते. हे पित्त वाट चुकले म्हणजे माणसाची कशी त्रेधा उडते आणि तिच्यावर उपाय कोणता, हा आजचा विषय आहे.

हुबळी आणि धारवाड या जोडशहरांत अंतर सुमारे 20 किलोमीटरांचे. हुबळीच्या घरातून धारवाडच्या कचेरीत रोज जाणारा एखादा गृहस्थ कल्पनेत आणावा. न्याहारी होते न होते तोच त्याला शौचास धावावे लागते; तेही एकदा नव्हे, तीन-चारदा. बसमध्ये बसल्यावर पुन्हा पोटात कळ उठेल काय, ही धास्ती त्याच्या मनातून जात नाही. हळूहळू तो उपाशीपोटी घराबाहेर पडू लागतो, लग्नाची आमंत्रणे टाळतो, यात्रेला जाणे सोडतो. कोणी संग्रहणी म्हणतो, कोणी मनाचा खेळ म्हणतो. बेलाचा मुरंबा होतो, ताक होते, नाना पुड्या होतात. गुण येत नाही. लाजेपोटी तो डॉक्टरांनाही सारे सांगत नाही. अशा रुग्णांपैकी काहींच्या दुखण्याचे मूळ पित्ताम्लांत असते.

शरीर मोठे काटकसरी आहे. पित्तातील आम्ले आपले काम आटोपली, की लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जातात आणि रक्तावाटे यकृताकडे परततात. शंभरांतील सुमारे 95 भाग असे परत येतात; दिवसाकाठी ही फेरी अनेकदा होते. यकृताला रोज जेमतेम अर्धा ग्रॅम नवी भर घालावी लागते. ही परतीची वाट बिघडली, की उरलेली आम्ले मोठ्या आतड्यात शिरतात, तेथे पाणी सुटते, आतड्याची हालचाल वाढते आणि पातळ जुलाब सुरू होतात.

वाट बिघडण्याची कारणे अनेक. आपल्या देशात आतड्याचा क्षय पुष्कळदा नेमका लहान आतड्याच्या शेवटालाच गाठतो. त्यासाठी कधी तो भाग कापून काढावा लागतो. क्रोन नावाचा विकार किंवा कर्करोगावरील किरणोपचार यांनीही तो भाग निकामी होतो. पित्ताशय काढल्यानंतर काहींना, सर्वांना नव्हे, हा त्रास होतो. काहींच्या बाबतीत आतडे दिसावयास निरोगी असते. मात्र पित्त पुरे झाले असा निरोप यकृताला पोचविणारे द्रव्य कमी पडते आणि यकृत पित्त करीतच राहते.

या विकाराचे शास्त्रीय विवेचन अमेरिकेतील डॉ. अ‍ॅलन हॉफमन यांनी 1967 साली केले. तरीही तो आजवर पुष्कळदा निसटतो. 'सेहकॅट' नावाच्या तपासणीत किरणोत्सर्गी सेलेनियमयुक्त गोळी देऊन सात दिवसांनी तिचा किती अंश शरीरात उरला ते मोजतात; 15 टक्क्यांहून कमी उरल्यास निदान होते. ही सोय नसेल तेथे औषध देऊन गुण येतो काय, हे डॉक्टर पाहतात. 1957 साली हुबळीत निघालेल्या आणि लोकांच्या तोंडी 'किम्स' झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जाताना रुग्णाने आठवडाभराची नोंद बरोबर न्यावी: काय खाल्ले, किती वेळा जावे लागले, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणती औषधे चालू आहेत. मधुमेहावरील मेटफॉर्मिननेही जुलाब होतात, हे ध्यानात असावे. शौचातून रक्त, ताप किंवा वजनात घट असेल, तर एक दिवसही दवडू नये.

औषध साधे आहे. कोलेस्टायरामिनची भुकटी आतड्यात पित्ताम्लांना बांधून ठेवते. ती कोरडी कधीच गिळू नये. पाण्यात चांगली कालवून घ्यावी. ती इतर औषधांनाही धरून ठेवते, म्हणून ती औषधे एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यावीत. मात्रा वाढली तर बद्धकोष्ठ होते; म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी. आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्यांना ब-12 जीवनसत्त्व टोचून घ्यावे लागते. अ, ड, ई आणि के यांकडेही लक्ष हवे.

आहारात स्निग्धता कमी करावी. धारवाडचा पेढा आणि संध्याकाळची मिरची भजी यांचा मोह आवरणे कठीण खरे; परंतु पेढा खव्याचा, भजी तेलातली. ज्वारीची भाकरी, कमी तेलाची भाजी, साय काढलेले ताक असे थोडे थोडे, विभागून खावे. भीतीने उपाशी राहिल्याने रोग जात नाही, अंगातली शक्ती मात्र जाते. जुलाबांच्या दिवसांत मीठ-साखरेचे पाणी घ्यावे.

शेवटी घरच्यांचे कर्तव्य. लग्नघरी मोरीजवळची जागा देणे, प्रवासात वाटेत थांबण्यास तयार असणे, 'पुन्हा चाललास?' असे चारचौघांत न विचारणे, याला खर्च पडत नाही. हा विकार बहुधा समूळ जात नाही. तथापि निदान झाले, औषध लागू पडले आणि माणसे समजूतदार निघाली, तर तोच गृहस्थ न्याहारी करून निश्चिंतपणे धारवाडच्या बसमध्ये बसू शकतो.