युसूफ मेहेरअली आणि ‘क्विट इंडिया’



मागे १९४२ चा लढा शिकवत असताना एका मुलाने विचारले, “सर, यात आपलं कोण होतं?” वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. पोराला कुणीतरी डिवचले असणार, हे दिसतच होते.

मी त्याला युसूफ मेहेरअलींविषयी सांगितले. मुंबईतल्या सुखवस्तू खोजा घराण्यात १९०३ साली जन्म. १९२८ मध्ये ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा त्यांनीच दिली. कायद्याची परीक्षा झाली, पण राजकारणापायी वकिलीची सनद मिळाली नाही. १९४२ मध्ये मुंबईचे महापौर म्हणून निवडून आले; त्या पदासाठी नाव पुढे आले, तेव्हा हे गृहस्थ तुरुंगात होते!

त्या वर्षी लढ्याला घोषणा हवी होती. ‘गेट आउट’ हे शब्द गांधीजींना असभ्य वाटले, अशी हकीकत सांगतात. मेहेरअलींनी सुचवलेले ‘क्विट इंडिया’ मात्र त्यांना पटले. मेहेरअलींनी त्याच नावाची छोटी पुस्तिका काढली, हजारावर बिल्लेही करवून घेतले. पुस्तिका हातोहात खपली. अमेरिकेत १७७६ साली टॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ने असेच लोकांना उठवले होते. पण तिथे पुस्तिका लोकांच्या भाषेत होती, आपल्याकडे इंग्रजीत. खेड्यात ती वाचणार कोण? तिथे नुसती घोषणा पोचली, ‘चले जाव’ होऊन.

८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मेहेरअलींसह पुढारी पकडले गेले. तरी लोक थांबले नाहीत. विरारहून गाडीने पालघर चौथे स्टेशन. १४ ऑगस्टला आसपासच्या गावांतले लोक मोर्चा घेऊन तिथल्या कचेरीवर गेले. गोळीबार झाला, पाच जण पडले. पागधरे, ठाकूर, तेवारी, चुरी, मोरे. यातली काही आडनावे आमच्या हजेरीपटावरही आहेत. हे ऐकून तो मुलगा वर्गात इकडेतिकडे पाहू लागला.

तुरुंगवासाने मेहेरअलींची प्रकृती ढासळली. २ जुलै १९५० रोजी, सेहेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

पालकहो, पालघरला हुतात्मा स्तंभ आहे. येत्या १४ ऑगस्टला मुलांना तिथे घेऊन जा. गाडीत वेळ मिळेल, तेव्हा मेहेरअलींची गोष्टही सांगा.