वाटीतला बर्फ
(स्नेहसंमेलनातील भाषण)



‘इतकी वर्षं अमेरिकेत राहून काय शिकलीस ते सांग,’ असं संयोजकांनी मला सांगितलं. कंप्युटरबद्दल बोलले असते, पण त्यातलं निम्मं तुमच्या मुलांना माझ्याहून जास्त कळतं. म्हणून बर्फाबद्दल बोलते. शीळफाट्याच्या उकाड्यात हा विषय तरी गार वाटेल!

आपल्या लहानपणी बर्फ दोनच ठिकाणी भेटायचा. एक भूगोलाच्या पुस्तकात आणि दुसरा गोळ्याच्या गाडीवर. महाशिवरात्रीला खिडकाळेश्वराच्या जत्रेला बाबा मला सायकलवरून न्यायचे. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि मधून कल्याण-शीळ रस्ता. गोळेवाला भुशातली लादी काढून, पुसून रंध्यावर घासायचा. माझा कालाखट्टा आणि बाबांचाही कालाखट्टाच. घरी आल्यावर आई दोघांच्या जिभा बघून दोघांनाही ओरडायची.

इंजिनिअर झाले, लग्न झालं आणि आम्ही मिनियापोलिसला गेलो. पहिला बर्फ पडला तेव्हा मी चपलेवरच बाहेर धावले होते. पण तो आनंद दोन हिवाळे टिकला. तिथे वर्षाला सरासरी ५० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. तो थांबला की २४ तासांच्या आत घरासमोरचा फुटपाथ आपणच साफ करायचा, असा नियम. सकाळी सहाला फावडं, मग गाडीच्या काचा खरवडायच्या, मग घसरत घसरत ऑफिस. पावसात शीळफाट्याला अडकलेला माणूस ढगांकडे जसा बघतो, तशी मी बर्फाकडे बघायला लागले.

२०१४ च्या जानेवारीत आई-बाबा आमच्याकडे आले. बाबांनी पहिल्याच दिवशी माकडटोपी चढवली, स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणि कोकम सरबताची बाटली घेतली आणि अंगणात गेले. त्यांना गोळा करायचा होता. पण बाहेर होतं उणे १५. इतक्या थंडीत बर्फ कोरडा, पिठासारखा असतो. मुठीत दाबला तरी सुटतो. शून्याच्या जवळपास तपमान आलं की त्यात जरा ओल येते, मगच तो एकमेकांना धरतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मग थांबू की.”

आणि ते खरंच थांबले. रोज सकाळी खिडकीबाहेरचं थर्मामीटर बघायचे. रस्त्यावर मीठ का टाकतात, असं मी त्यांना परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, “अगं, कुल्फीवाला मटक्यात बर्फाबरोबर मीठ घालतो ना? मिठाचं पाणी शून्यालाही गोठत नाही. तेच हे.” इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याहून सोपं काही नव्हतं.

महिनाभराने एका सकाळी तपमान शून्यावर आलं. बाबा बाहेरून काचेवर टकटक करत होते. हातात वाटी, वाटीत लालचुटुक गोळा. “लवकर ये, वितळतोय!” माझी मीटिंग सुरू होणार होती. मी दार उघडून म्हटलं, “बाबा, पडलात तर कोण धावणार? आधी आत या.” ते आत आले. वाटी सिंकमध्ये ठेवली. मीटिंग संपवून बघितलं तर वाटीत गुलाबी पाणी होतं. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

२०१७ ला आम्ही परत आलो. शीळफाट्याजवळ घर घेतलं, बाबांच्या जवळ म्हणून. २०१९ ला बाबा गेले. मधल्या दोन वर्षांत मी कितीदा तरी मनाशी म्हटलं, त्या सकाळबद्दल एकदा बोलूया. राहून गेलं.

गेल्या मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने पुन्हा मिनियापोलिसला गेले. मैत्रिणीकडे उतरले होते. पहाटे जाग आली ती शांततेने. ताज्या बर्फात हवा भरलेली असते, ती आवाज शोषून घेते. शीळफाट्याच्या ट्रकांच्या हॉर्नमध्ये झोपणाऱ्या बाईला ती शांतता ऐकूच येते! खिडकीतून बघितलं, मोठाले कापसासारखे पुंजके पडत होते. फोनवर तपमान बघितलं. शून्य.

मी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातून वाटी घेतली. तिच्याकडे कोकम नव्हतं, रूह अफ्जा होतं. अंगणात उकिडवी बसले, वरवरचा स्वच्छ बर्फ घेतला, दाबला. गोळा झाला. दात शिरशिरले, हातमोजे लाल झाले, आणि पंचेचाळिशीची मी एकटीच मोठ्याने हसत होते. थोडी रडलेही, खोटं कशाला सांगू. नवाच्या मीटिंगला दहा मिनिटं उशिरा पोहोचले. काहीही बिघडलं नाही.

बर्फ तोच होता. मधल्या वर्षांत मला तो फक्त ‘काम’ म्हणून दिसत होता. आता फावडं माझ्या हातात नव्हतं, म्हणून हे सोपं होतं, हेही खरं. पण बाबांच्या वाटीला दोन मिनिटं पुरली असती. आपल्या घरीही कुणीतरी काचेवर टकटक करत असेल. मीटिंग थांबते, बर्फ थांबत नाही.

आता शेवटचं. शाळेच्या फाटकाबाहेरचा गोळा खायला आपल्याला सक्त मनाई होती. आज मी फाटकाबाहेर गोळ्याची गाडी बोलावली आहे. मधुमेहवाल्यांनी अर्धा खावा. आणि बाई, सर, आज तुम्हीच आधी रांगेत उभं राहायचं. जिभा नंतर तपासू.